प्रोजेक्टच्या म्युझिक व्हिडिओला गाणं कुठलं घ्यायचं?

तू लिहिलंयस की बीए मास कम्युनिकेशनचं दुसरं वर्ष आहे, चार जणांचा ग्रुप आहे, शूट नाशिकमध्येच करायचंय, मार्चच्या पहिल्या आठवड्यात सबमिशन, हाताशी एक मिररलेस कॅमेरा आणि दोन बरे फोन, सगळ्यांचे मिळून ७,००० रुपये, आणि ३ आठवडे झाले तरी गाणंच ठरत नाहीये. एकाला ब्रेकअपचं हिंदी गाणं हवंय, एकीला जुनं भावगीत, एकाला मराठी रॅप आणि तुला स्वतःला पावसाचं गाणं. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीयस की ग्रुपमधल्या एकाच्या मावसभावाचा बँड आहे, त्यांचं एक गाणं तयार होऊन पडलंय, पण ते कोणी ऐकलेलंच नाही म्हणून तुम्ही ते सोडून दिलं.

मी पुण्यात एडिटिंग करते, १५ वर्षं होत आली. गाण्यांचे व्हिडिओ बरेच कापलेत, थोडे डिरेक्ट पण केलेत, आणि दरवर्षी दोन-तीन कॉलेजांमध्ये हाच प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांबरोबर बसते. त्यामुळे मी जे सांगतेय ते एडिटच्या टेबलावरून दिसणारं आहे, एखादा कॅमेरामन कदाचित वेगळं सांगेल आणि तेही बरोबर असेल.

मला तुझा प्रश्न वाचून असं वाटलं की तुमचं भांडण गाण्यावरून नाहीच आहे. चौघांच्या डोक्यात चार वेगळे व्हिडिओ आहेत आणि प्रत्येकजण आपला व्हिडिओ गाण्याच्या नावाने मांडतोय. जो ब्रेकअपचं गाणं म्हणतोय त्याला कदाचित अभिनय करायचाय, ज्याला रॅप हवंय त्याला फास्ट कटिंग करून बघायचंय, भावगीतवालीला जुना वाडा आणि खिडकीतून येणारा उजेड दिसतोय. हे कोणी बोलत नाही, सगळे फक्त लिंका पाठवत राहतात आणि बाकीचे तिघे ३० सेकंद ऐकून नाही म्हणतात.

आधी मॅडमना किंवा सरांना ३ गोष्टी विचारून घ्या, कारण माझं अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे. लिप सिंक (म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर ओठ जुळवून गाणं) कंपल्सरी आहे का, व्हिडिओ फक्त कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवायचाय की यूट्यूबवर टाकून लिंक द्यायचीये, आणि गाणं कापून छोटं केलेलं चालतं का. या तिन्हीची उत्तरं कॉलेजागणिक बदलतात.

आता मूळ मुद्दा. गाणं आवडतं म्हणून घेऊ नका, गाण्यात चित्राला जागा आहे का ते बघा. मी गेली कित्येक वर्षं मुलांना हेच सांगतेय, कारण यात चूक झाली की पुढे कितीही मेहनत केली तरी ती भरून निघत नाही.

मी कॉलेजांत जायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. एका ग्रुपने सिनेमातलं खूप गाजलेलं गाणं घेतलं होतं. मुलं जीव तोडून राबली होती, पहाटे ४ ला निघून घाटात जाऊन धुक्यात शूट केलं होतं, आणि फुटेज खरंच सुंदर होतं. स्क्रीनिंगला पहिल्या सुराला अख्खा हॉल गायला लागला, ग्रुप एकदम खूश. नंतर मी हॉलमधल्या दहा-बारा मुलांना विचारलं, काय पाहिलंत, तर धुकं कोणालाच आठवत नव्हतं, सगळ्यांना मूळ सिनेमातला सीन आठवत होता. त्या मुलांच्या चित्रांना बसायला जागाच उरली नव्हती, ती आधीच कोणीतरी घेऊन टाकलेली होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण गाणं ठरवताना मी त्यांना अडवलं नव्हतं. तेव्हापासून मी पहिली टेस्ट हीच देते, डोळे मिटून गाणं ऐक आणि पहिलं जे चित्र येईल ते तुझं आहे की दुसऱ्या कोणाचं ते स्वतःला खरं खरं सांग. दुसऱ्याचं असेल तर गाणं कितीही लाडकं असो, सोड.

दुसरी गोष्ट शब्दांची. काही गाणी सगळं सांगून मोकळी होतात, पोवाडा घे उदाहरणार्थ, त्यात कोण आलं, कुठून आलं, कसा वार केला, सगळं शाहीर सांगतो, मग चित्राने काय करायचं, तेच परत दाखवायचं? आणि ते दाखवायला घोडे आणि माणसं लागणार. आणि जी गाणी फक्त एक अवस्था सांगतात, वाट बघणं, राग, घरची आठवण, काहीतरी राहून गेल्याची हुरहूर, त्यात गोष्ट तुमची तुम्हाला घालता येते. सांगलीकडच्या एका ग्रुपचं गाणं २ मिनिटं २० सेकंदांचं होतं, शब्द म्हणजे ३ ओळी, अजून आलं नाही, अजून आलं नाही, अशा अर्थाच्या. काय आलं नाही ते गाण्यात कुठेच नव्हतं. मुलांनी मे महिन्यात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानात शूट केलं, बाहेर काळ्या छत्र्या टांगलेल्या, काका तारा वाकवतायत, मधेच उठून आभाळ बघून येतायत. पाऊस पूर्ण व्हिडिओत एकदाही पडत नाही आणि गाण्यातही पाऊस हा शब्द नाही, पण बघणाऱ्याला बरोबर कळतं कशाची वाट बघणं चाललंय. हेच गाणं 'पाऊस आला नाही' असं म्हणत असतं तर त्या छत्र्या नुसत्या शब्दांच्या मागे मागे गेल्या असत्या. म्हणून गाण्याचे शब्द कागदावर उतरवून काढा, हाताने लिहा, आणि ज्या नामांचं चित्र लगेच समोर येतं त्यांच्याखाली रेघ मारा, चंद्र, नदी, वाट, पदर, डोळे वगैरे. रेघा खूप झाल्या तर समजा की हे गाणं तुम्हाला ओळीओळीला ओढत नेणार, चंद्र म्हटलं की चंद्र दाखवा, पदर म्हटलं की पदर. यातून सुटायला खूप अनुभव लागतो.

मग मुखडा. आपल्या गाण्यांत मुखडा तीन-चार वेळा परत येतो, आणि विद्यार्थ्यांचे व्हिडिओ नेमके तिथेच पडतात, पहिल्या मुखड्याला जे चित्र दाखवलं तेच दुसऱ्या-तिसऱ्याला थोडं वेगळ्या अँगलने. अभंग ऐकताना काय होतं बघ, ध्रुवपद तेच असतं पण प्रत्येक चरणानंतर परत येताना ते जास्त काहीतरी सांगतं, कारण मधल्या चरणाने आपल्याला काहीतरी दिलेलं असतं. व्हिडिओचंही तसंच व्हायला पाहिजे. गाणं फायनल करण्याआधी लिहून काढा की मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा प्रेक्षकाला काय माहीत आहे, दुसऱ्यांदा येतो तेव्हा काय नवीन कळलंय, आणि शेवटी काय. तीन वेगळी उत्तरं निघत नसतील तर एकतर गाणं बदला नाहीतर गाणं कापा.

आता हिशोब, यात मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण हे कोणी आधी सांगत नाही आणि शूटच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. समजा गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं आहे, म्हणजे २५० सेकंद. सरासरी अडीच सेकंदांचा शॉट धरला तरी १०० शॉट होतात. गोष्ट सांगणारा व्हिडिओ असेल तर हे जवळपास सगळे शॉट वेगवेगळे लावावे लागतात. नवीन चार जणांचा ग्रुप, एक कॅमेरा, लाइट फारशी नाही, अशा वेळी माझ्या अनुभवात दिवसाला नीट असे २० ते २५ सेटअप (एका शॉटसाठी कॅमेरा, माणसं, लाइट लावून घेणं) होतात, त्याच्या वर गेलं की घाईचं दिसायला लागतं. म्हणजे १०० शॉटला ४ ते ५ दिवस. तुमच्याकडे वीकेंडचे २ दिवस आहेत. याउलट कोणीतरी गाताना दाखवायचं असेल तर पूर्ण गाणं ५ अँगलने, प्रत्येक अँगलचे ३ टेक, म्हणजे साधारण ६२ मिनिटांचं फुटेज, ते अर्ध्या-पाऊण दिवसात होतं आणि त्यातून अर्धा व्हिडिओ भरून निघतो. म्हणून बहुतेक ग्रुपसाठी मी निम्मं गाणारा माणूस आणि निम्मी गोष्ट असं सुचवते, आणि गाणं शक्यतो २ ते ३ मिनिटांचं. पूर्वीच्या ७८ आरपीएमच्या १० इंची रेकॉर्डवर एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मावायचं आणि तेवढ्यात नाट्यपद, लावणी सगळं उभं राहायचं, तेव्हा छोटं गाणं म्हणजे कमी असं अजिबात मनात आणू नका.

लयीचा पण हिशोब आहे. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करत असाल तर १०० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १०० बीट असलेल्या गाण्यात एक बीट बरोबर १५ फ्रेमचा होतो, ७५ बीपीएमला २० फ्रेमचा, १५० ला १० फ्रेमचा. चार बीटला एक कट मारायचा ठरवलं तर ७५ च्या गाण्यात ३.२ सेकंदांनी कट येतो, २५० सेकंदांत ७८ शॉट. तेच १५० ला १.६ सेकंदांनी, म्हणजे १५६ शॉट. लय दुप्पट झाली की काम दुप्पट होतं, एवढं साधं आहे. फास्ट गाणं घेतलं की एनर्जी आपोआप येईल असं मुलांना वाटतं, पण प्रत्यक्षात शॉट कमी पडतात आणि मग तोच गिंबलचा (कॅमेरा न हलू देणाऱ्या स्टँडवरचा) शॉट सहा ठिकाणी चिकटवला जातो. आणि जुनी गाणी क्लिकवर (एकसारख्या ठोक्यांच्या टिकटिकीवर) रेकॉर्ड केलेली नसतात, तबलजी अंतऱ्यात जरा पुढे सरकतो, परत मुखड्याला मागे येतो, त्यामुळे टाइमलाइनवर बीपीएम टाकून मार्कर मारले तर मिनिटभरात ते सरकलेले दिसतात. तिथे कानाने, समेवर बोट ठेवून मार्कर मारावे लागतात. मला हे काम फार आवडतं, पण ज्याने पहिल्यांदाच एडिट करायचंय त्याने हे माहीत असू देत.

मोठे म्युझिकचे पीस पण बघून घ्या. मुखडा आणि अंतऱ्याच्या मधे नुसतं गिटार किंवा बासरी ४० सेकंद चालत असेल तर तिथे शब्द नाहीत, ओठ नाहीत, म्हणजे तिथे तुमची गोष्ट पुढे जायला हवी. गोष्ट नसेल तर तिथे सगळेजण सायकल चालवतात किंवा डोंगरावर हात पसरून उभे राहतात, माझ्याकडे असे इतके व्हिडिओ येतात की मी आता प्रत्येक ग्रुपला थेट विचारते, या ४० सेकंदांत काय घडतं ते एका वाक्यात सांगा.

लिप सिंकचं म्हणशील तर ते समोरच्या माणसावर आहे. तुमच्यात कोणी मोकळेपणाने कॅमेऱ्यासमोर गाऊ शकतं का? नुसते ओठ हलवून चालत नाही, खरंच मोठ्याने गावं लागतं, गळ्याच्या शिरा, श्वास, छाती हे सगळं दिसतं आणि खोटं असेल तर ते लगेच कळतं. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात किंवा जवळ येतात, म्हणून सिंक दोन फ्रेमने जरी हललं तरी पहिल्यांदा इथेच खटकतं. रॅपमध्ये हे मिनिटाला शंभर वेळा येणार, त्यामुळे ज्याला ते रॅप झोपेतसुद्धा पाठ आहे असा माणूस असेल तरच तिकडे जा. अजून एक, स्लो मोशनमध्ये गाणारा माणूस हवा असेल तर ५० फ्रेमवर शूट करून सेटवर गाणं डबल स्पीडने वाजवावं लागतं आणि माणसाने त्या स्पीडने गावं लागतं, मग २५ वर आणलं की ओठ बरोबर जुळतात. संथ गाण्याला हे छान जमतं. जे गाणं मुळातच फास्ट आहे ते डबल स्पीडने कोणाला गाता येत नाही, हा विचार गाणं निवडताना करा, सेटवर नको.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, ज्याचं चित्र लोकांच्या डोक्यात आधीपासून नाही, जे अवस्था सांगतं पण सगळी गोष्ट सांगत नाही, ३ मिनिटांच्या आतलं, मध्यम किंवा संथ लयीचं, आणि तुमच्यातल्या एकाला तरी मनापासून गाता येणारं गाणं हवंय.

आता हक्कांचा विषय. हा लोक शेवटी बघतात पण तो आधी बघावा. एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या कलाकाराच्या हयातीत आणि गेल्यानंतर ६० वर्षं राहतो, आणि रेकॉर्डिंगचा ते प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षं, दोन्हीकडे मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. म्हणून 'जुनं गाणं आहे म्हणजे फ्री' हे खरं नाही. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या शेवटपर्यंत आहे, सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींचा २०६२ पर्यंत. १९५० च्या दशकातल्या एखाद्या तबकडीची मुदत संपलेली असली तरी आतले शब्द आणि चाल मोकळे झालेले नसतात. उलट तुकारामांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण गेल्या शतकात कोणी त्यांना लावलेली चाल त्या संगीतकाराची आहे आणि तुम्ही डाउनलोड केलेलं रेकॉर्डिंग अजून तिसऱ्याचं.

कॉलेजच्या आत थोडी सूट आहे. कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकण्या-शिकवण्यासाठी, आणि फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक अशा प्रेक्षकांसमोर दाखवण्यासाठी सवलती आहेत. पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर पब्लिक केला की तो प्रेक्षक वेगळा झाला, तिथे ही सवलत धरून चालू नका. १० सेकंद वापरले तर चालतं, ३० सेकंद चालतात, असा कुठलाही नियम कायद्यात नाही, आणि डिस्क्रिप्शनमध्ये श्रेय दिलं किंवा 'कॉपीराइट मोडण्याचा हेतू नाही' लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही. यूट्यूबचं कंटेंट आयडी अपलोड होतानाच गाणं ओळखतं, मग मालक ठरवतो की व्हिडिओ ब्लॉक करायचा, त्यावरच्या जाहिरातीचे पैसे घ्यायचे की नुसता व्ह्यूजचा आकडा बघायचा. असा क्लेम आणि कॉपीराइट स्ट्राइक (मालकाने तक्रार करून व्हिडिओ काढायला लावणं) या वेगळ्या गोष्टी आहेत, क्लेमने चॅनल जात नाही, ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर जाऊ शकतं. पण सबमिशनच्या आदल्या रात्री व्हिडिओ ब्लॉक होणं काय असतं ते मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, दोन महिन्यांचं काम आणि मॅडमना पाठवायला लिंक नाही.

मग फ्री म्युझिक शोधता येतं, यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी आहे, क्रिएटिव्ह कॉमन्सवाली गाणी आहेत. तिथे लायसन्सची अक्षरं नीट वाचा. एनसी म्हणजे कमाईसाठी वापरू नका, ते तुम्हाला चालेल. पण एनडी, म्हणजे बदल करू नका, असं लिहिलं असेल तर ते गाणं व्हिडिओला वापरता येत नाही, कारण चालत्या चित्राला गाणं जोडणं म्हणजे त्यात बदल करणं असं ते लायसन्स मानतं, हे खूप जणांना माहीत नसतं. आणि रॅपवाल्या मित्राला सांग, त्याच्या आवडत्या रॅपरने बीट, म्हणजे रॅपच्या मागचं तयार म्युझिक, नेटवरून भाड्याने घेतलेली असू शकते, तेव्हा रॅपर स्वतः हो म्हणाला तरी बीट बनवणाऱ्याचं लायसन्स काय म्हणतं ते बघावं लागतं.

तुमच्या यादीवर येते. ब्रेकअपचं हिंदी गाणं, नाव वाचलं, लोकांच्या डोक्यात त्याचा सीन पक्का बसलेला आहे आणि यूट्यूबवर ते अडकणार, ते सोडा. भावगीताचा मोह मला पण आहे, तो वाडा आणि तो उजेड नाशिकला जुन्या पंचवटीच्या बाजूला मिळेल पण, पण फक्त हॉलमध्येच दाखवायचं असेल तरच विचार करा. रॅप, ते झोपेतसुद्धा पाठ असणारा माणूस तुमच्यात नसेल तर नाही. आणि तुझं पावसाचं गाणं, फेब्रुवारीत शूट आहे गं, नाशिकला तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत असतं, आणि पाण्याचा टँकर, पाइप, फवारा, ओला होणारा माणूस, कॅमेरा झाकणं, हे ७,००० मध्ये बसवायला गेलात तर बाकी काहीच उरणार नाही. पावसाबद्दल तुला काय वाटतं ते पावसाशिवाय सांगणारं गाणं शोध, वर सांगितलेल्या छत्र्यांसारखं.

राहिलं मावसभावाच्या बँडचं गाणं, आणि तुम्ही ज्या कारणाने ते सोडलंत त्याच कारणासाठी मी ते पहिल्यांदा ऐकेन. कोणी ऐकलेलं नाही म्हणजे कोणाच्या डोक्यात त्याचं चित्र नाही. व्ह्यूजचं म्हणशील तर परीक्षकांनी व्ह्यूजवर मार्क दिलेले मी आजवर एकदाही पाहिले नाहीत. आणि ओळखीचा बँड असण्याचे जे फायदे आहेत ते कुठल्याही गाजलेल्या गाण्यात मिळणार नाहीत. त्यांच्याकडून तुम्हाला फक्त गायकाच्या आवाजाचा ट्रॅक मिळू शकतो, नुसत्या वाद्यांचा ट्रॅक मिळू शकतो, ४० सेकंदांचा गिटारचा पीस जड होत असेल तर तो २० चा करून द्याल का असं विचारता येतं. गाणारा माणूस स्वतः समोर उभा राहिला तर लिप सिंकचा अर्धा प्रश्न संपला, त्याचं स्वतःचं गाणं आहे, तो श्वास कुठे घेतो ते त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि व्हिडिओ नसलेल्या बँडला व्हिडिओ हवाच असतो, त्यामुळे ते रविवारी पहाटे पण येतील.

अर्थात गाणं कसं आहे ते मला माहीत नाही, आणि तिथे सगळं अडू शकतं. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा असेल, मिक्स झालेलंच नसेल, तर चांगल्या चित्रालाही तो खाली ओढतो. ते फोनच्या स्पीकरवर एकदा आणि इयरफोनवर एकदा ऐका, फोनवर शब्द कळत नसतील तर त्यांना सांगा की आवाज वर घेऊन परत मिक्स करून द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. दुसरं, ते खरंच त्यांचंच आहे ना, की एखाद्या जुन्या गाण्याचं कव्हर आहे, बीट विकत घेतलीय का, हे स्पष्ट विचारा. आणि नातेवाईक असला तरी एक पानाचं पत्र घ्या, शब्द लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा, वाजवणारे सगळ्यांच्या सह्या, त्यात लिहा की हे गाणं या व्हिडिओत वापरायला, कॉलेजात दाखवायला, ऑनलाइन टाकायला आणि फेस्टिव्हलला पाठवायला आमची परवानगी आहे. पुढे बँड फुटतात, तेव्हा कोण काय म्हणालं होतं ते कोणाला आठवत नाही. बँडने एखाद्या कंपनीमार्फत गाणं आधीच सगळीकडे टाकलं असेल तर ते त्यांना कंटेंट आयडीतून तुमचं चॅनल वगळायला सांगू शकतात, तेही आधीच करून घ्या.

त्या गाण्याला पण वरच्या सगळ्या टेस्ट लावा, ओळखीचं आहे म्हणून सूट देऊ नका. त्यात चित्राला जागा नसेल तर त्यांच्याकडे दुसरं एखादं अर्धवट गाणं आहे का विचारा, बँडकडे अशी नेहमी असतात, आणि नुसत्या एका गिटारवरचं दीड मिनिटाचं अर्धवट गाणं कधीकधी पूर्ण गाण्यापेक्षा व्हिडिओला जास्त चांगलं बसतं.

कुठलंही गाणं घेतलंत तरी एकच फायनल फाइल ठरवा, डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, आणि सेटवर वाजवायला, एडिटला, सगळीकडे तीच. एक फाइल व्हॉट्सअॅपवरून आलेली, दुसरी यूट्यूबवरून काढलेली, असं केलं की एमपीथ्रीमुळे कधीकधी गाणं हळूहळू सरकत जातं किंवा दोन व्हर्जनची लांबीच वेगळी निघते, आणि तिसऱ्या मिनिटाला ओठ जुळत नाहीत. मी एकदा अख्खी रात्र या एका कारणासाठी घालवलीय, शूटला वाजवलेलं गाणं ४ टक्के फास्ट होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता येत्या रविवारचं. चौघं एका खोलीत बसा, फोन बाजूला. चार कागद, चार पेन. जास्तीत जास्त ३ गाणी ठेवा, त्यातलं एक बँडचं. प्रत्येक गाणं ३ वेळा पूर्ण वाजवा, मधे कोणी बोलायचं नाही, पहिल्या वेळी डोळे मिटून नुसतं ऐकायचं, दुसऱ्या वेळी काय दिसतं ते लिहायचं, तिसऱ्या वेळी मुखडा कुठल्या सेकंदाला येतो आणि तेव्हा काय बदललेलं असेल ते लिहायचं. मग कागद मोठ्याने वाचा. चौघांना एकच चित्र दिसायला पाहिजे असं नाही, तसं होतही नाही, पण चारही कागद एकाच माणसाबद्दल किंवा एकाच घराबद्दल लिहिल्यासारखे वाटत असतील तर ते गाणं घ्या. एखाद्या गाण्याला दोघांचे कागद कोरे राहिले तर ते कितीही आवडतं असो, ते बाजूला ठेवा, कारण पुढचे ६ आठवडे तुम्ही ते शेकडो वेळा ऐकणार आहात आणि कोऱ्या कागदावाला माणूस दुसऱ्या आठवड्यात शूटला यायचा बंद होतो.

आणि मावसभावाला आजच फोन करा, आवाजाचा वेगळा ट्रॅक आणि वाद्यांचा वेगळा ट्रॅक शनिवारपर्यंत मिळेल का विचारा, कारण अशा जुन्या फाइल बऱ्याचदा कोणाच्या तरी बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये असतात आणि काढायला दोन-तीन दिवस जातात.